आधाराचं प्यादं

अण्णासाहेब फडतरे यांनी आमच्या बैठकीत बसून ते प्यादं पटावर ठेवलं, तेव्हा मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. प्यादं पांढरं होतं. ठेवताना त्यांची करंगळी वर होती आणि शेजारच्या बोटात पुष्कराज होता. एवढं बारीक सांगते आहे, कारण पुढे ते प्यादं कोणी ठेवलं याबद्दल भर सभेत वेगळंच सांगितलं गेलं.

"आता कसं भक्कम झालं," अण्णासाहेब म्हणाले. "बाई, पांढऱ्याला काहीतरी आधार हवा. तुम्ही त्याला अगदीच उघडा पाडला होतात."

सासूबाई पटाकडे बघत होत्या. "अण्णासाहेब, ते प्यादं हलू शकतं," त्या म्हणाल्या.

"अहो, प्यादं हलायचंच," असं म्हणून अण्णासाहेब हसले. मग माझा नवराही हसला. त्याला विनोद कळला होता असं नाही. अण्णासाहेब हसले की मागोमाग हसायची त्याला सवय होती.

नवऱ्याचं नाव विद्याधर आठल्ये. बोलताना मी त्याला आजही अहो-जाहो करते, ते हाडात मुरलेलं आहे. पण लिहिताना तेवढा आदर हातातून उतरत नाही, म्हणून इथे एकेरीच लिहिणार आहे.

ही कऱ्हाडची गोष्ट, माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची. विद्याधर तिथल्या कॉलेजात वाणिज्य शिकवायचा आणि अजून कायम झाला नव्हता. कॉलेज ज्या संस्थेचं, तिचे कार्याध्यक्ष वकील अण्णासाहेब फडतरे. गावातल्या बुद्धिबळ रसिक मंडळाचे अध्यक्षही तेच. खरं तर गावात ज्याला ज्याला अध्यक्ष लागतो त्या सगळ्याचे तेच. विद्याधर मंडळात जायचा तो बुद्धिबळाच्या प्रेमाने नव्हे, हे सांगायला नकोच.

मंडळ दर रविवारी सकाळी भरायचं. तिथे डाव खेळत नसत, कूटं सोडवत. म्हणजे कोणीतरी मुद्दाम रचलेली मांडणी असते आणि पांढऱ्याने दोन चालींत मात करा, किंवा पांढऱ्याने खेळून डाव वाचवा, असं सांगितलेलं असतं. भिंतीवर खिसे शिवलेला मोठा कापडी पट टांगायचे आणि खिशांत पुठ्ठ्याची मोहरी खोचायचे. मग वीसेक प्रतिष्ठित माणसं पेन्सिली घेऊन त्याच्यापुढे बसायची. उत्तर सापडलं तरी कोणी तोंड उघडायचं नाही, अण्णासाहेब खाकरेपर्यंत थांबायचं, अशी तिथली रीत होती. कूट अण्णासाहेबच मासिकातून आणायचे आणि त्याच मासिकाच्या शेवटच्या पानावर उत्तर असायचं. ते खाकरले की उत्तर सांगायचे आणि बाकीचे "वा, वा, हे सुचणं कठीण" म्हणत पेन्सिली खिशात घालायचे. याला ते बुद्धीचा व्यायाम म्हणत.

सासूबाईंना मंडळात प्रवेश नव्हता. बायकांनी येऊ नये असं घटनेत कुठे लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरजच कोणाला वाटली नव्हती. नलिनीबाई आठल्ये म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, गणिताच्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या गावातल्या अर्ध्या बायका रस्त्यात त्यांना बघून अजून पदर सारखा करायच्या. विद्याधर रविवारचं कूट कागदावर उतरवून घरी आणायचा आणि सासूबाई ते भाजी निवडता निवडता सोडवायच्या. मग म्हणायच्या, "यात काही नाही. घोडा उगाच ठेवलाय." विद्याधर हे मंडळात कधी सांगत नसे.

सासरे गेल्यावर त्यांनी स्वतःचं एक कूट रचायला घेतलं. पिठाच्या डब्यावर घडीचा पट मांडलेला असायचा. आम्ही त्याला हात लावायचा नाही. सुरुवातीला पटावर गर्दी होती, मग एकेक मोहरं कमी होत गेलं. मी एकदा विचारलं की तुम्ही रचताय की मोडताय. त्या म्हणाल्या, जे काढता येतं ते ठेवणं हा आळस आहे. एखादं मोहरं काढूनही डाव टिकला की त्या दिवशी स्वारी खूश असायची आणि घरात साखरभात व्हायचा. त्या वर्षी आम्ही बराच साखरभात खाल्ला.

शेवटी उरलं ते असं. पांढऱ्याचा राजा कोपऱ्यात कोंडलेला. काळ्याचा वजीर आणि एक प्यादं त्याच्यापुढे दबा धरून. काळ्याला एक चाल मोकळी मिळाली की पांढऱ्यावर मात. पांढऱ्याकडे फक्त एक हत्ती आणि एक घोडा. पांढऱ्याने खेळून बरोबरी करायची.

मला त्यांनी हे स्वयंपाकघरात शिकवलं, म्हणून मला येतं. ज्याची खेळायची पाळी आहे त्याच्या राजाला शह नाही, पण त्याच्याकडे हलवण्यासारखं काहीच नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. त्याला स्टेलमेट म्हणतात. सासूबाईंचा पांढरा पहिल्याच चालीला आपला घोडा शह देऊन फुकट मारायला देतो. मग हत्ती शहावर शह देत काळ्या राजाच्या मागे लागतो. राजाने त्याला मारलं तर पांढऱ्याकडे हलवायला काही उरत नाही, म्हणून बरोबरी. नाही मारलं तर शह थांबत नाहीत, तरीही बरोबरी. सगळं देऊन टाकलं की वाचतो, असा तो डाव होता. मला तो फार आवडला होता आणि अजून आवडतो.

मंडळाचं पंचविसावं वर्ष आलं. स्मरणिका काढायचं ठरलं आणि तिच्यात गावात रचलेलं एखादं कूट असावं अशी टूम निघाली. मंडळात पंचवीस वर्षांत कोणी एकही कूट रचलेलं नव्हतं. विद्याधरने आईचं कूट अण्णासाहेबांना नेऊन दिलं. त्यांना ते सुटलं नाही. आठवडाभर वाट बघून त्यांनी विद्याधरकडूनच उत्तर काढून घेतलं आणि मग त्यात खोट सापडल्याचं सांगायला ते आमच्या घरी आले. त्यांचं म्हणणं, काळा राजा डावीकडच्या कडेने निसटतो. ते निसटायचं घर अडवायला त्यांनी प्यादं ठेवलं. जाताना म्हणाले की एवढी दुरुस्ती केल्यावर रचना दोघांची म्हणून छापणं रीतीला धरून होईल आणि अध्यक्षांचं नाव आधी घालायची मंडळाची पद्धत आहे. चपला घालता घालता त्यांनी हेही सांगितलं की समारंभ झाला की संस्थेची बैठक आहे आणि कायम करायच्या माणसांची नावं तिथेच ठरतील.

ते गेल्यावर सासूबाईंनी विद्याधरला पटापाशी बोलावलं. आधी त्यांनी काळा राजा डावीकडच्या कडेला नेला आणि पांढरा हत्ती त्याला अगदी खेटून ठेवला. "निसटत नाही. तिथेही हत्ती देता येतो. ते त्यांना दिसलं नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी अण्णासाहेबांचं प्यादं ठेवून पुन्हा मांडलं. काळ्या राजाने हत्ती मारला. आता पांढऱ्याकडे हलवायला काहीतरी आहे आणि नियमाप्रमाणे ते हलवावंच लागतं. प्यादं एक घर पुढे सरकलं. वजीर खाली आला आणि पांढऱ्यावर मात झाली.

"कळलं का? हे ठेवलं की या कूटाला उत्तरच नाही," सासूबाई म्हणाल्या.

विद्याधरला कळलं होतं, हे मला त्याच्या कानांवरून दिसलं. लाज वाटली की त्याचे कान लाल होतात. तो म्हणाला की मंडळात हे कोणाच्या बापाला दिसणार नाही. हे खरंच होतं. मग तो म्हणाला की नोकरी गेली तर या वयात त्याने कुठे जायचं. हेही खरं होतं, पण ज्या सुरात म्हणाला तो सूर खाऊ मागणाऱ्या पोराचा होता. मी भांडी पुसत होते. त्या क्षणी माझ्या हातात वरवंटा नव्हता हे त्याचं नशीब.

"एक प्यादं तर आहे, आई," तो म्हणाला.

सासूबाईंनी पटावरची मोहरी गोळा केली. मग त्यांनी विचारलं, "तुझं काम होईल ना?"

"होईल."

"मग असू दे."

त्या दिवशी त्यांनी पट घडी करून कपाटात ठेवला आणि पिठाच्या डब्याचं झाकण पहिल्यांदाच नीट बसलं. मला रडू आलं. त्यांना नाही आलं. त्या म्हणाल्या, "तू कशाला रडतेस, हेमा? मुलासाठी दागिने मोडतात, मी हे मोडलं."

समारंभ संस्थेच्या सभागृहात झाला, रविवारी सकाळी. स्मरणिका छापून आली होती. त्यात आमचं कूट होतं, वर 'ॲड. फडतरे व श्रीमती आठल्ये' असं. अध्यक्षांच्या नावाचा टाइप जरा मोठा होता. रचनाकार म्हणून सासूबाईंना आमंत्रण होतं, म्हणजे बायकांसाठी बाजूला टाकलेल्या बाकावर बसायची परवानगी होती. मी त्यांच्या शेजारी बसले. विद्याधर पुढे, अण्णासाहेबांच्या मागच्या खुर्चीत. पाणी हवं का, पंखा जोरात लावू का, असं दर थोड्या वेळाने वाकून विचारत होता.

पाहुणे म्हणून नागपूरचे वरणगावकर आले होते. कूटं तपासण्यात या माणसाचं बाहेर मोठं नाव आहे असं नुसतं ऐकून अण्णासाहेबांनी त्यांना बोलावलं होतं. त्याचा अर्थ काय होतो याचा विचार केला नव्हता. वरणगावकर किडकिडीत होते, उकाड्यातही अंगात स्वेटर होता आणि ते वेलदोडा चघळत होते. मंडळाने तेवढ्यावरूनच त्यांना किरकोळ ठरवलं होतं.

भाषणं झाली. मग कापडी पटावर कूट लावलं आणि अण्णासाहेब काठी घेऊन उभे राहिले. सभासदांनी पेन्सिली काढल्या. अण्णासाहेब खाकरले. पेन्सिली खिशात गेल्या. त्यांनी घोडा मारायला दिला, तेव्हा "अहाहा" झालं. हत्तीने शह दिले. शेवटी काळ्या राजाने हत्ती मारला आणि अण्णासाहेबांनी काठी जमिनीवर आपटली. "स्टेलमेट. पांढरा वाचला." टाळ्या पडल्या. सासूबाई मांडीवरची पिशवी घट्ट धरून समोर बघत होत्या.

टाळ्या थांबल्यावर वरणगावकरांनी विचारलं, "आणि ते प्यादं?"

अण्णासाहेब म्हणाले की ते आधाराला आहे.

"पण ते हलतंय," वरणगावकर म्हणाले. अगदी साध्या आवाजात, रस्त्यात कोणाला तुमच्या चपलेचा अंगठा तुटलाय म्हणून सांगावं तसं. "हत्ती मारल्यावर पांढऱ्याला ते पुढे घ्यावं लागेल. मग वजीर मात देतो. याला उत्तर नाही."

ज्यांना आत्तापर्यंत काहीच दिसत नव्हतं त्यांनाही आता दिसायला लागलं होतं. प्यादं पुढे आणि वजीर खाली, एवढं तर शाळेतलं पोरसुद्धा बघतं. "वा, वा" म्हणणारी तोंडं अजून अर्धी उघडीच होती. मला मनातून फार बरं वाटलं, हे कबूल करायला मला मुळीच लाज वाटत नाही.

अण्णासाहेब वकील होते. साक्षीदार फिरवायची सवय होती. ते हसून म्हणाले की मूळ कल्पना बाईंची, आपण फक्त वरवर हात फिरवला, आणि हे प्यादं तर बाईंनीच हट्टाने ठेवलेलं. आपण तेव्हाच शंका काढली होती, पण वडीलधाऱ्या बाईंचं मन मोडवलं नाही. "काय आठल्ये, तुम्ही तर समोरच होतात."

सगळं सभागृह विद्याधरकडे वळलं. तो उठून उभा राहिला. त्याला कोणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. त्याचे कान मला बाजूच्या बाकावरूनही दिसत होते.

"हो," तो म्हणाला. "आईनंच ठेवलं होतं ते."

एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण अण्णासाहेबांची मान डोलली तसा त्याला चेव आला आणि तो म्हणाला, "तिचं आता वय झालंय. होतं असं."

मी ताडकन उठले. चहाचे कप घेऊन मी दारात होते, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. सासूबाईंनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, चष्मा लावला आणि त्या स्वतः उठल्या. बायकांच्या बाकावरून उठून पटापर्यंत कोणी जाईल अशी त्या सभागृहात कोणाला कल्पना नव्हती. त्यामुळे त्यांना अडवावं हेही कोणाला सुचलं नाही.

त्यांनी पटाच्या खिशातून ते पुठ्ठ्याचं प्यादं उपसून काढलं आणि अण्णासाहेबांच्या हातावर ठेवलं. "हे आपलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून लावलं आणि वरणगावकरांकडे वळल्या. "आता बघा."

वरणगावकरांनी चघळणं थांबवलं. बघत राहिले. मग म्हणाले, "काळा राजा डावीकडे पळाला तर?" तीच शंका, अण्णासाहेबांची. पण यांनी ती विचारली होती, दुरुस्त केली नव्हती.

सासूबाईंनी हत्ती काढून त्या राजाच्या अगदी शेजारच्या खिशात खोचला. "मारू दे की."

"आणि घोडा आधीच का द्यायचा? ठेवला तर?"

"ठेवला तर तो हलेल," सासूबाई म्हणाल्या. "पांढऱ्याजवळ हलण्यासारखं काही म्हणजे काही राहता कामा नये. तरच तो वाचतो."

वरणगावकर उठून उभे राहिले. मला वाटलं ते टाळ्या वाजवतील, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी सासूबाईंना त्यांचं पूर्ण नाव विचारलं, स्वेटरच्या आतून पेन काढलं आणि स्मरणिकेतली दोन्ही नावं खोडून तिथे एकच नाव लिहिलं. पुढे ते कूट त्याच नावाने बाहेरच्या मासिकात छापून आलं. प्याद्याशिवाय.

नंतर जेवण होतं. मसालेभात, जिलबी, मठ्ठा. मंडळींनी भिंतीवरच्या पटाकडे पाठ करून पंगत मांडली आणि उन्हाळ्याविषयी बोलायला सुरुवात केली. अण्णासाहेब म्हणाले की पाहुण्यांना जरा तर्कटपणाची सवय दिसते. पाचसहा जणांनी री ओढली. विद्याधरने मठ्ठा दोनदा मागून घेतला.

तो कायम झाला, हे सांगायला पाहिजे. संस्थेच्या बैठकीत त्याचं नाव पहिलं होतं. पुढे विभागप्रमुख झाला, प्राचार्य झाला, निवृत्त झाला. आज गावात त्याला आठल्ये सर म्हणतात आणि अध्यक्ष हवा असला की त्याच्याकडे येतात. बुद्धिबळाची आवड आपल्याला मातोश्रींकडून मिळाली, असं तो भाषणात सांगतो. ते ऐकताना मी शेंगदाणे खाते. सासूबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं होत्या. आमच्याकडेच राहिल्या, त्याला वेळेवर जेवायला वाढलं, ताप आला तर उशाशी बसल्या. पट मात्र माझ्या खोलीत आला. त्यांनी आणखी चार कूटं रचली आणि त्यातलं एकही त्याला दाखवलं नाही. त्यानेही कधी विचारलं नाही.

पण त्या दिवशी घरी येताना रिक्षात आम्ही तिघं होतो. सासूबाई मध्ये. विद्याधर बाहेर बघत होता आणि आम्ही दोघी गप्प आहोत हे त्याला सहन होत नव्हतं. पुलावर आल्यावर त्याने तोंड उघडलं. सगळ्यांसमोर विचारलं, त्याला तो काय करणार, असं काहीबाही बोलला. आईने आधीच हो म्हटलं होतं, मग ऐनवेळी एवढं करायची काय गरज होती, असंही म्हणाला. शेवटी तो रडवेला झाला.

"आई, माझ्यापुढे दुसरी चालच नव्हती गं."

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. कॉपी करताना सापडलेल्या मुलीकडे त्या शाळेत बघत असतील तसं, न रागावता.

"गप्प बसायचं होतंस," त्या म्हणाल्या. "पटावर तेवढी सोय नसते. तुला होती."